रोटातली मूठ

कौतिकला हात धुताना पाहिलं की नवखा माणूस हसायचा. कोपरापर्यंत साबण, मग नखांत घासणी, मग पुन्हा साबण. "काय रे, ऑपरेशनला निघालास का?" असं कुणी म्हटलं तरी हा गडी घासणी थांबवायचा नाही. हसा लेको, हसा! जळगावात सराफ बाजाराच्या मागे रतिलालशेठचा कारखाना होता. तिथे पितळेच्या बांगड्या-माळांवर सोन्याचं पाणी चढवायचे, आणि त्या कामाला सायनाईड लागायचं. दिसायला खडीसाखर, पण जिभेला लागली तर देवाचं नाव घ्यायलाही सवड नाही.

पूर्वी तिथे सगळा रामभरोसे कारभार होता. सोन्याच्या पाण्याच्या टाकीशेजारीच बसून कामगार भाकरी सोडायचे. एक दिवस कौतिकचा जोडीदार जीवराम याने पितळ धुऊन उरलेलं तेजाब, म्हणजे ॲसिड, सायनाईडच्या बादलीत ओतलं. विषारी वाफ उसळली, आणि त्याला बाहेर ओढेपर्यंत सगळं संपलं होतं. शेठला म्हणे किती तरी दिवस अन्न गोड लागेना. त्याने जीवराम थोडाच परत येणार होता! पण माणूस शहाणा झाला एवढं खरं. त्याने मुंबईहून जाणकार आणला, नियम घालून घेतले, आणि ते पाळायला लावायचं काम कौतिकच्या गळ्यात पडलं. तेजाब एका खोलीत, सायनाईड दुसऱ्या खोलीत कुलपाआड, किल्ली कौतिकच्या कमरेला. आत एकट्याने जायचं नाही. पंखा लावल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही. हाताला खरचटलं असेल त्याने त्या दिवशी दुसरं काम करायचं. चहा, विडी, तंबाखू दाराबाहेर, आणि घरी जायचं ते आंघोळ करून, कपडे बदलून. कौतिकने यातलं काही चुकवलं नाही आणि कुणाला चुकवू दिलं नाही.

पण भीती कुठे नियम पाळते? ती त्याच्या मागोमाग घरी आली. स्वच्छ आंघोळ करून आलेला हा बाप पोरीला घास भरवेना, पिठाच्या डब्याला हात लावेना. बायको कलाबाई आधी चिडली, मग रडली, मग तिने नाद सोडला.

गावी मात्र कोण सोडतो? नरडाण्याजवळ त्याच्या गावी श्रावणात कानबाई, म्हणजे कुळाची देवी, बसायची. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या हाताने गव्हाची मूठ टाकायची, ते गहू एकत्र दळायचे आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या घरच्यांनीच खायचे, अशी त्या घराची रीत. जीवराम गेला त्या वर्षी कौतिक टोपलीपुढे उभा राहिला आणि त्याने हात मागे घेतला. माझ्या नावाची मूठ तुम्हीच टाका, म्हणाला. थोरला भाऊ अभिमन, ज्याने बापामागे याला वाढवलं, त्याचं तोंड एवढंसं झालं.

"कसाले? तुना हात सोनाना व्हयना का?"

सणाच्या घरात, म्हाताऱ्या आईसमोर कौतिकने विषाचं नाव काढायचं कसं? पुढल्या वर्षीही त्याने तेच केलं, तेव्हा अभिमनने तोडूनच टाकलं. "रोटमा मूठ नही, ते तू आमना नही. मूठ टाकशी तेच येजो."

कौतिक पॅसेंजरने जळगावला परतला, तो वाटभर तोंडावर उपरणं घेऊन. गणगोत तुटलं तर माणसाने जायचं कुठे? वर्षभर त्याच्या घशाखाली सुखाचा घास उतरला नाही.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर अभिमन खत न्यायला जळगावला आला आणि राहवेना म्हणून कारखान्यावर गेला. रागावला तरी भाऊच तो. टाकीच्या खोलीची कडी धरून त्याने आत डोकावलं, मग सवयीने तंबाखू मळायला घेतली. चिमूट ओठाकडे निघालेली पाहताच कौतिक धावत आला आणि त्याने थोरल्या भावाच्या हातावर फटका मारला. चार माणसांदेखत तंबाखू जमिनीवर सांडली.

अभिमन संतापून जायला वळला. "त्या कडीला आतले विषाचे हातमोजे लागतात, भाऊ," एवढंच म्हणून कौतिकने त्याला मोरीवर नेलं. त्याचे हात हातात घेऊन धुतले, कोपरापर्यंत साबण, नखांत घासणी, पुन्हा साबण. धुता धुता जीवरामची सगळी हकीकत सांगितली.

"मना हात कितला बी धोवा, भाऊ, तरी माले वाटस काहीतरी ऱ्हाई गयं. रोट पोरे बी खातस. त्यासले काही व्हयनं ते?"

अभिमन तसाच गाडीला गेला. पण कानबाईच्या आधी त्याचा निरोप आला, बायको-पोरीला घेऊन ये.

कौतिक पोचला तेव्हा गव्हाच्या टोपलीपाशी अभिमन पाण्याची बादली, साबण आणि घासणी घेऊन बसला होता. सगळ्या भाऊबंदांसमोर त्याने धाकट्याचे हात पुढे ओढले आणि मोरीवर शिकला होता तसेच धुतले. थोरल्याने धाकट्याचे हात धुतलेले त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. आई झुंबरबाईने डोळ्यांना पदर लावला. कौतिकची मूठ गव्हात पडली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला, पानं वाढली, आणि कौतिकचा धीर पुन्हा सुटला. "भाऊ, पयला घास मी खासू. पोरेसले मंग द्या."

पहिला घास थोरल्याचा, हा त्या घरचा मान. पंगत अभिमनकडे पाहू लागली. अभिमनने आपल्या पानातला रोट मोडला, अर्धा कौतिकच्या हातात दिला आणि अर्धा स्वतः उचलला.

"मंग मी बी खासू. मरसूत ते दोन्ही भाऊ मरसूत."

दोघांनी एकदम घास घेतला. चावता चावता कौतिकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात त्याची पोरगी पंगतीतून उठून आली, बापाच्या पुढ्यात बसली आणि तिने आ केला. कौतिकने एकदा भावाकडे पाहिलं, रोटाचा तुकडा मोडला आणि आपल्या हाताने तिला भरवला.