कुरडयांवरची सावली

कुरडयांचा चीक शिजायला लागला, की त्या आंबूस वासाबरोबर मला शेजारच्या मिश्राभाभी आठवतात.

आम्ही गाझियाबादला नवीन होतो. दारातल्या कडुनिंबाची सावली गच्चीवर पडे आणि माझ्या कुरडया वाळत नसत. मी झाड तोडायला माणूस बोलावला. त्याने कुऱ्हाड उचलली तशा भाभी हातात लाटणं घेऊन धावत आल्या आणि बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"धूप चाहिए, ताई? रुको, बुढ़ापे में इतनी मिलेगी कि रोओगी!"

माणूस परत गेला. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आता भाभी नाहीत. ऊन इतकं वाढलंय, की मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही, त्या सावलीतही कुरडया दुपारपर्यंत कडक होतात. वीज गेली की अख्खी गल्ली त्याच झाडाखाली खुर्च्या टाकते. मीसुद्धा. बाई खरं बोलली होती, चूक माझी होती.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या आम्ही बायकांनी त्याच्याच निंबोळ्या पेरल्या. सात रोपं जगली. त्यातलं एक नेमकं माझ्या गच्चीला लागून आहे.

नात म्हणाली, "आजी, याची छाया तुझ्या कुरडईवर येईल ना?"

"येऊ दे," मी म्हटलं. "तू पाणी घाल."