धुवायला दिलेला रोल

आमच्यात कामाची वाटणीच झाली होती, अंधारातलं त्यांचं आणि पाण्यातलं माझं. त्यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. कंपनीत हेल्पर होते, आणि सुट्टीच्या दिवशी बोईसरच्या एका स्टुडिओवाल्याचे रोल घरी धुवून द्यायचे. दुपारी मोरीच्या दाराला गोधडी लावायची, फटीत चिंध्या कोंबायच्या, आत ते फिल्म काळ्या डब्यात गुंडाळायचे, पहिलं औषध घालायचे, ओतायचे, मग हायपो घालून डबा माझ्या हातात द्यायचे. दहा मिनिटं हलव, मग धू. एवढं बोलून चहाला जायचे.

हायपोनं फोटो पक्का होतो, मग उजेड लागला तरी काय होत नाय. पण तो हायपो परत धुवून काढायला लागतो, राहिला तर फिल्म पुढं पिवळी पडते. बारा पाणी बदलायची. मी चौथी शिकलेली, पण बारात कधी चुकत नाय, एकदा चुकले तेव्हा डब्याचं झाकण कपाळावर बसलं होतं.

म्हणून कुठलीही फिल्म पहिल्यांदा बघायची ती मीच.

त्या दिवशी लग्नाचा रोल होता, बारा फोटोंचा, मोठ्या चौकोनांचा. आठवडाभर आधी कंपनीच्या गेटजवळ संपावरून मारामारी झाली होती. कामावर जाणाऱ्या एकाचं डोकं फुटलं, तो दवाखान्यात बेशुद्ध पडलेला. पोलिसांनी पाम गावाकडच्या एका मजुराला उचललं, त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं म्हणून. त्याची बायको आमच्या चाळीत लाकडाच्या मोळ्या विकायची. ती सकाळीच माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली, कडेला पोर.

"बाय, माज्या माणसानं नाय मारला गं. त्यानं तर पडलेल्याला उचलला. पोलीस बोलतात, मग मारला कोणी ते दाखव. मी कुठून दाखवू?"

आतून नवरा ओरडला, "ए, इथं काय चौकी हाय? ऊठ, निघ!"

ती गेली तसा माझ्या पाठीत बुक्का बसला. "तुला लई पुळका आला काय गं तिचा?"

दुपारी डबा हातात आला, मी हलवला, दहा मिनिटं झाली, हायपो परत बाटलीत ओतला, फिल्म डेगचीत सोडली आणि पाणी बदलायला लागले. सात महिन्यांची माझी पोरगी बाहेर चटईवर रडत होती. सातव्या पाण्याला फिल्म उजेडाला धरली. फिल्मवर सगळं उलटं असतं, तोंडं काळी, केस पांढरे, नवरी म्हणजे भूतच. दहा फोटो लग्नाचे. शेवटचे दोन लग्नाचे नव्हते. स्टुडिओवाला लग्नावरून परत येताना गेटसमोर थांबला असणार, उरलेले दोन तिथं काढले असणार, त्या गर्दीत कोण कोण होतं ते त्याला दिसलंपण नसणार.

अकराव्यात एक हात वर, हातात सळई. चौकटीचा शर्ट, खांद्यावर ठिगळ, फुलाफुलांचं. ते ठिगळ पोरीच्या झबल्यातून उरलेल्या कापडाचं, मीच लावलेलं. मारामारीच्या दिवशी तो शर्ट रक्तानं भरून आला होता, म्हणाले सायकलच्या चेनीत बोट गेलं, आणि दहाच्या दहा बोटं धड. मी शर्ट धुतला, विचारलं काय नाय.

आधी हेच मनात आलं, की हा फोटो बाहेर गेला तर हे जेलात, खोली जाईल, पोरीला घेऊन मी कुठं जाऊ, आणि जायच्या आधी हे मला जिवंत ठेवतील काय. ओली फिल्म मऊ असते, दुधावरच्या सायीसारखी. मी अंगठ्याचं नख लावलं आणि ओढलं. ठिगळ गेलं, सळई गेली, हात गेला, तोंड गेलं. नखात काळा गाळ.

मग बाराव्यावर नख ठेवलं. त्यात माणूस खाली पडलेला, त्याच्या डोक्याखाली एक हात घालून तो पामचा मजूर बसलेला, आणि दुसरा हात वर धरलेला, सळई अडवायला. वर माझा नवरा, तोंड अगदी समोर. नख तिथंच राहिलं. कुठून दाखवू, म्हणाली होती ती. माझ्या हातात होतं. मी नख उचललं, नाय झालं माझ्याच्यानं. उरलेली पाच पाणी केली आणि फिल्म टांगली, बाराव्याचं टोक वर, खिळ्याजवळ, तिथं ती वळून बसली.

फिल्म वाळत आली तेव्हा हे आले, खालून बघत बघत अकराव्यापर्यंत आले.

"हे काय?"

"नख लागलं."

पुढचं बोलायला वेळ दिला नाय. केसाला धरून मोरीत ओढलं, माझं तोंड त्या डेगचीत दाबलं. "बारा पाणी केलीस काय? बघ चव! हायपो राहिला काय सांग!" नाकात पाणी, डोळ्यांपुढं अंधार, वर काढलं की थोबाडीत, परत खाली. ओठ फुटला, दात डेगचीच्या काठाला लागला, पाणी लाल. शेजारची मावशी दाराबाहेरून म्हणाली, "अहो, पोर रडून निळी पडेल, सोडा तिला." हे ओरडले, "तुमचा भात करपतोय, तो बघा!"

एकच वाक्य माझ्या तोंडात होतं. तुमचाच हात खरवडला मी, तुमालाच वाचवलं. ते बोलले असते तर मार तिथंच थांबला असता. पण मग त्यांनी पुढचा बघितला असता. मी दात आवळून धरले, पोटात लाथ बसली तेव्हापण.

दमले तसे घाम पुसला, वाळलेली फिल्म खिळ्यावरून ओढली, गुंडाळी केली, पेपरात घातली.

"नवरीचा तर नव्हता ना गं?"

"नाय. काय नव्हतं त्याच्यात."

"मग आधी बोलायचं ना, येडे. फुकट मार खाल्लास." हसले. सायकल काढली आणि स्वतःच्या हातानं ती फिल्म देऊन आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप आली, स्टुडिओवाल्यानं बारावा फोटो चौकीत नेऊन दिला होता. नेताना यांनी माझ्याकडं बघितलं, आणि बघतच राहिले, त्यांना कळलं. "आल्यावर बोलू," एवढंच म्हणाले, अगदी हळू.

त्याच आठवड्यात मजूर सुटला. त्याची बायको मोळी घेऊन आली, माझ्या दारात टाकली, पैसे नको म्हणाली. तिला वाटलं मी नवरा गेला म्हणून रडते. माझ्या सुजलेल्या तोंडावरनं हात फिरवला.

"रडू नको गं बाय. माजा सोडला ना, तुजा पण सोडतील."

मी तिला सांगितलं नाय, की सोडतील म्हणूनच रडते.