काका हरवलेले नाहीत

आमच्या मजल्यावरचे काका त्या दिवशी साडेसात तास घरी नव्हते. त्याला आता वर्ष उलटून गेलं, आणि लोकांच्या मोबाइलवर ते अजून हरवलेलेच आहेत. ती पोस्ट मी लिहिली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि तेव्हा कोणी म्हणायला नको की ही स्वतःचं झाकतेय.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडेपर्यंत. बिल्डिंगच्या पंपाचा आवाज ऐकून घरात बसल्या बसल्या सांगतात, बेअरिंग चाललंय, दोन दिवस काढेल. आणि दोनच दिवस काढतं. डोक्याने माझ्यापेक्षा ठणठणीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डोंबिवलीहून एकटे ठाण्याला जातात. कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत उभी आहे, पण समोरची चहाची टपरी शाबूत आहे. तिथे जुने फिटर जमतात. आधी पाच होते.

पाचाचे चार झाले तो हा दिवस. सकाळी फोन आला की त्यांच्यातला एक गेला. काकांनी शर्ट बदलला, चपला घातल्या आणि निघाले. फोन चार्जिंगला लावलेला, तो तसाच राहिला. त्यांची सून, म्हणजे आमची वहिनी, मानपाडा रोडला भाजी आणायला गेली होती. ती परत आली तर दाराला कुलूप आणि आत फोन वाजतोय. अडीच वाजता ती माझ्या दारात रडत उभी.

"अगं, तू ते ग्रुपवर टाकत असतेस ना? बाबांचं टाक ना काहीतरी."

मी टाकत असते, हे खरं. रस्ते, नाले, पाणी यावर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत मी आहे. लिहायला मला तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने शिकवलं. त्यांची पद्धत अशी: पत्रक लिहून नेलं की मला दाराबाहेर उभं करायच्या, पत्रक फटीतून आत सरकवायला लावायच्या आणि आतून ओरडायच्या. "कुठला नाला? कधीपासून तुंबलाय? सभा किती वाजता? आणि तुम्ही कोण?" मला बाहेरून बोलायची बंदी. उत्तर कागदावर असेल तर दार उघडायचं, नाहीतर पत्रक त्याच फटीतून परत. "तू प्रत्येक दारात कागदाशेजारी उभी राहणार आहेस का?" एवढंच म्हणायच्या. एका पत्रकासाठी मी पाच वेळा बाहेर उभी राहिले आहे. सहाव्यांदा चहा मिळाला.

मग ग्रुप आले, आणि ग्रुपबरोबर अॅडमिन. आमचा अॅडमिन माझ्याच वयाचा, मेहनती, मनाने चांगला. पण त्याचे नियम होते. चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही. आणि तारीख टाकायची नाही. "तारीख टाकलीस की पोस्ट दुसऱ्या दिवशी मेली. शिळं कोण शेअर करतं?" त्यामुळे आमची 'उद्या पाणी येणार नाही' ही पोस्ट चार दिवस फिरली. रोज कोणाचा तरी 'उद्या' होताच की! एका सोसायटीतल्या बायकांनी तीन दिवस पिंपं भरून ठेवली. आम्ही ऑफिसात त्यावर हसलो होतो. हसलो होतो, हे लिहिताना आता लाज वाटते.

काकांबद्दल मी नऊ ओळी लिहिल्या. नाव, आजचा वार आणि तारीख, सकाळी किती वाजता गेले असतील, फोन घरी राहिलाय, स्मरणशक्ती उत्तम आहे, रस्ते माहीत आहेत, दिसले तर त्यांना फक्त घरी फोन करायला सांगा. अॅडमिनचा लगेच फोन. "अगं, निबंध नको. माणूस शोधायचाय ना?" आणि वहिनी समोर रडत होती. मी कापलं. माझ्या हाताने कापलं. उरलं ते असं:

'हरवले आहेत. डोंबिवली पूर्व. दिसल्यास थांबवून ठेवा व फोन करा. जास्तीत जास्त शेअर करा.'

वर काकांचा फोटो, खाली माझा नंबर.

साडेपाचला काका जिना चढून आले. दारात एवढी माणसं पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं? इथे कोण गेलं?"

स्मशानातून आलेला माणूस होता तो. वहिनीने त्यांना आंघोळीला पाठवलं, मग ओरडली, मग पुन्हा रडली. मी पोस्ट काढून टाकली आणि ग्रुपवर लिहिलं, काका सुखरूप आहेत. विषय संपला असं मला वाटलं. पण आमच्या ग्रुपमधली पोस्ट मी काढू शकत होते. तोवर ती किती ग्रुपांत गेली होती, ते मला कसं कळणार?

तीन आठवड्यांनी पहिला फोन आला. ठाण्याहून, एका बाईचा.

"तुमचे आजोबा सापडलेत हो! स्टेशनच्या पुलावर. मी हात धरून ठेवलाय."

"ताई, ते हरवलेले नाहीत. ते त्यांच्या मित्रांना भेटायला चाललेत."

"अहो, फोटो आहे ना इथे."

"तो जुना आहे. ते त्याच दिवशी घरी आले."

"पण हे तर मला आज सकाळी आलंय."

बघा! तिला आज सकाळी आलं, म्हणून तिच्यासाठी काका आज सकाळी हरवले. चूक तिची नाही. जिथे तारीख असायला हवी तिथे मी मोकळी जागा ठेवली होती, आणि ती जागा प्रत्येकाने आपल्या दिवसाने भरली.

नुसत्या दिवसानेच नाही. मी सगळं सांगायचं सोडलं होतं, म्हणून लोकांनी सांगायला सुरुवात केली. एका ग्रुपवर वर जोडलं होतं, 'विसरण्याचा आजार आहे'. दुसरीकडे, 'चिडतात, जपून बोला'. तिसऱ्या एका महाभागाने पहिली ओळच उडवली आणि नुसतं ठेवलं, 'दिसल्यास थांबवून ठेवा'. त्याखाली चर्चा चालू, याने कोणाला फसवलं असेल? एकाने लिहिलं होतं, चेहऱ्यावरूनच कळतंय. काय कळतंय रे तुला चेहऱ्यावरून? चाळीस वर्षं मशीनसमोर उभं राहिल्याचं कळतंय का? खाली नंबर होता. या सगळ्यांपैकी एकाने फोन करून विचारलं नाही की हा माणूस कोण आणि काय झालंय. विचारायला वेळ नाही, पुढे ढकलायला आहे.

मग, वर्ष होत आलं तेव्हा, कल्याण. काकांची बहीण मुरबाडच्या पुढे राहते, तिच्याकडे दोन दिवस जायचं म्हणून ते एसटी स्टँडवर उभे होते. माझा फोन वाजला. पुरुषाचा आवाज, एकदम विजयी.

"मॅडम, तुमचा माणूस आपल्याकडे आहे. टेन्शन घ्यायचं नाही. दुकानात बसवलाय."

"त्यांना सोडा! त्यांना गाडी पकडायचीय!"

"तेच ना! गाडीत चढत होते. बरं झालं आम्ही बघितलं."

मी धावत पळत पोचले. स्टँडसमोर बॅगांचं दुकान. आत काका स्टुलावर, समोर वडापाव, पाण्याची बाटली, अंगावर पंख्याचा वारा. आणि दारात आडवा बाक टाकून दोन धिप्पाड माणसं बसलेली. कोणी हात उगारला नव्हता, कोणी वाईट शब्द बोललं नव्हतं. काकांना त्यांनी पाहुण्यासारखं ठेवलं होतं. फक्त जाऊ देत नव्हते.

"मी यांना पन्नास वेळा सांगितलं," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "की मी हरवलो नाही."

"हो काका, बरोबर," दुकानदार म्हणाला आणि हळूच माझ्याकडे वळला. "असंच म्हणतात हे लोक. माझे आजोबा पण म्हणायचे."

यावर माणसाने काय करायचं? मी हरवलो नाही असं म्हणावं तर तेच हरवल्याचं लक्षण. गप्प बसावं तर आजार. चिडावं तर 'जपून बोला' हे खरंच निघालं! काकांनी बहिणीचं गाव सांगितलं, बसची वेळ सांगितली, स्वतःचा पत्ता पिनकोडसकट सांगितला. फोनवर मुलाला बोलायला लावतो म्हणाले, तर पोस्टवर हा नंबर नाही म्हणून दुकानदाराने ऐकलं नाही. मोबाइलवरच्या चार ओळी खऱ्या आणि समोर बसलेला जिवंत माणूस खोटा.

गाडी गेली होती. पुढची संध्याकाळची, आणि फाट्यापासून अंधारात तीन किलोमीटर चालणं त्यांना जमणार नव्हतं. आम्ही परत आलो.

घरी मुलाने सांगितलं, बाबा, आता एकटं जायचं नाही. तो दुष्ट नाही, घाबरला होता. वहिनीने एक कार्ड प्लास्टिकमध्ये घालून आणलं, नाव, पत्ता, नंबर, खिशात ठेवायला. काकांनी ते टेबलावर ठेवलं. "हे कुत्र्याच्या गळ्यात घालतात," म्हणाले. पहिला रविवार आठ दिवसांवर होता.

मी खुलासा लिहिला. या वेळी चौदा ओळी, तारीख, वेळ, सगळं. काकांना वाचून दाखवला, त्यांनी दोन जागी दुरुस्ती केली. अॅडमिनला पाठवला. तासाभराने ग्रुपवर काय आलं? 'सापडले आहेत. सर्वांचे आभार.' बस्स. फोटो नाही, नाव नाही. मी फोन लावला.

"कोण सापडलं?"

"अगं, काका."

"लोकांना कसं कळणार कोण ते?"

"समजून घेतात गं लोक."

"लोक समजून घेतात म्हणूनच कल्याणला एक माणूस दुकानात कोंडला गेला! तुझे लोक समजूनच घेतायत वर्षभर!"

"तू ओरडू नकोस. चौदा ओळी कोण वाचणार?"

"मग नका वाचू! पण जे वाचलं नाही त्यावरून म्हाताऱ्याचा हात तरी धरू नका!"

त्याने फोन ठेवला. मी माझ्या नावाने पूर्ण खुलासा सगळ्या ग्रुपांत टाकला, जिथे जिथे मला घेतात तिथे. दोन ग्रुपांनी मला काढलं. फार लांब टाकते म्हणून.

मग काका म्हणाले, चल, पोलिसांत जाऊ. मी हरवलेलो नाही असं लिहून घेऊ. चौकीतल्या हवालदाराने सगळं शांतपणे ऐकलं, रजिस्टर उलटसुलट पाहिलं.

"आमच्याकडे तुम्ही हरवल्याची नोंदच नाही काका."

"नाहीच आहे. मी हरवलो नव्हतो."

"मग मी बंद काय करू? उघडलेलीच नाही केस."

"पण लोक पकडतात मला."

"लोकांना काय सांगणार?" त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला, अंगठ्याने वरखाली केला आणि स्क्रीन आमच्यासमोर धरली. "हे बघा, आमच्या मेहुण्यांनी पाठवलंय. कालच."

काका हसले. मला हसू आलं नाही.

पहिल्या रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेले, म्हणाले, मी येते बरोबर, लांबून चालेन. दार काकांनी उघडलं. मी क्षणभर ओळखलंच नाही. ओठांवर नुसती पांढुरकी कातडी, उन्हाने कधी न पाहिलेली. मिशा भादरल्या होत्या. लग्नाच्या आधीपासूनच्या, काकी गेल्या तेव्हाही उतरवल्या नव्हत्या त्या.

"फोटोत मिशा आहेत," ते म्हणाले. "आता हा तो माणूस नाही."

"काका, हे तुम्ही का..."

"मग काय करू? तुमच्या फोनमधला बदलत नाही, म्हणून इथला बदलला." आणि चपला घालता घालता म्हणाले, "तू येऊ नकोस."

मी गॅलरीत उभी राहून त्यांना वळणापर्यंत बघितलं. मग घरात आले आणि फोन समोर ठेवून बसले. दोन वाजता ते आले.

"कोणी अडवलं?"

"कोणी नाही."

"चला, बरं झालं."

"बरं काय त्यात?" ते एकदम चिडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "ते तिघं तासभर विचारत होते, मिशा कुठे गेल्या म्हणून. एक तर म्हणाला, तोंड धुतलेल्या पोरासारखा दिसतोस. मी सगळं सांगितलं. तर म्हणाले, त्या लिहिणाऱ्या पोरीला आण पुढच्या वेळी. आम्हाला बघायचीय."

"मी येईन."

"येशील तर तोंडाने सांग त्यांना, का कापलंस ते. मला ते नीट सांगता आलं नाही."

मी जाणार आहे. चार जुन्या फिटरांसमोर उभं राहून सांगणार आहे की लोकांनी शेअर करावं म्हणून मी तारीख काढली, माणसाची सगळी माहिती काढली आणि नुसता चेहरा ठेवला. दुसरं कारण नाही. पण एकटीने का जाऊ? मी अॅडमिनला सविस्तर लिहिलं, कुठे, कधी, किती वाजता, कोणाला भेटायचं आणि त्याने का यायला हवं. त्याने एक अंगठा पाठवला.

येतो म्हणून अंगठा, की वाचलं म्हणून अंगठा, की पुरे आता म्हणून? मी अंदाज बांधत बसले नाही. फोन लावला. त्याने उचलेपर्यंत लावत राहिले.

"तोंडाने सांग," मी म्हणाले. "येणार आहेस की नाही?"