प्रत्येकाला पाच मिनिटं

आमच्या कॉलेजात नव्या मुलांच्या रक्ततपासणीला धुळ्याहून येणारा तो तंत्रज्ञ कायम दमलेला दिसायचा. सुई टोचण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, "जेवीसन उना ना?" बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा ती नावांची यादी माझ्याकडे, होस्टेलच्या रेक्टरकडे.

त्या वर्षी एकाच्या रक्तात एचआयव्ही निघाला. निकाल सांगायला तंत्रज्ञ आला, तेव्हा मी म्हटलं, "नंबर सांगा, त्यालाच बोलावते. दिवस वाचेल."

"एकलेच बलावं ते सांजलोंग बठ्ठा होस्टेलले समजी, अक्का. बठ्ठास्ले बलावा."

सगळ्यांना बोलावलं. साठ मुलं. नंबराच्या क्रमाने एकेक आत, दार बंद, पाच मिनिटं. एकाला निकाल आणि पुढे कुठे यायचं ते सांगायचं होतं. बाकीच्यांना तो वेळ भरेपर्यंत घरच्या केळी-कपाशीचं विचारत बसला. मी दाराबाहेर घड्याळ बघत यादीवर खुणा करत होते.

संध्याकाळी त्याचा आवाज पार बसला होता.

"अक्का, तुमले समजनं का, कोण ते?"

मी यादीवरून पुन्हा नजर फिरवली. साठ नावं, साठ सारख्या खुणा.

"नाही."

"मंग जमनं," म्हणाला आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाला.