चहा सोडल्याचे चाळीस दिवस

ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, म्हणजे लेंट, राखेच्या बुधवारी सुरू होतात. त्या दिवशीची उपासना संपली की आमच्या जळगावच्या चर्चच्या मंडळीत एकच चौकशी सुरू होते: यंदा लेंटला काय सोडलं? मधुमेह असलेली बाई गोड सोडते. टीव्हीवरची मालिका सोडणारी तीच मालिका मोबाइलवर बघते. मी त्या वर्षी चहा सोडला आणि कुणी विचारायच्या आत सांगत सुटले. शाळेतल्या शिक्षिकांना सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. डोकं किती ठणकतं तेही वर जोडायचे. घरी मात्र दोन्ही वेळा मगभर कॉफी प्यायचे, साखर जरा जास्तच घालून. कॉफी सोडते असं मी देवाला कुठे म्हटलं होतं? आज हे लिहिताना स्वतःची किळस येते.

त्याच दिवसांत मी नरडाण्याला धाकट्या भावाकडे गेले. तिथल्या कारखान्यात काम करताना त्याची एका मुलीशी ओळख झाली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आदिवासी गावातली. बारा वर्षांपूर्वी त्याने तिच्याशी लग्न केलं. आमची आई ख्रिस्ताच्या प्रीतीवर तासभर बोलायची, पण या सुनेच्या हातचं पाणी तिला चालत नव्हतं. लग्नानंतर ती एकदाच त्यांच्या घरी गेली. सुनेने पाणी पुढे केलं तेव्हा म्हणाली, आज माझा उपास आहे. उपासाला पाणी चालतं हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मी शेजारीच होते. माझाही पेला भरलेलाच राहिला. तेव्हापासून येणंजाणं बंद.

आई गेली, त्यालाही दोन वर्षं झाली होती. या ईस्टरला दोघांना जेवायला बोलवायचं, झालं गेलं संपवायचं, असं ठरवून मी सकाळच्या पॅसेंजरने निघाले. भाऊ मोटारसायकल घेऊन स्टेशनवर आला होता. तो खूश दिसत होता.

घरी भावजयीने पाणी विचारलंच नाही. ती धडा शिकली होती. तिने सरळ चहा आणला, नुसत्या दुधाचा, आलं घातलेला. कप नवे होते, बुडाला चिकटवलेला किमतीचा कागदही अजून निघाला नव्हता. ट्रे माझ्यापुढे धरून ती उभी राहिली.

मी हात जोडले. चर्चमध्ये कमावलेलं ते शांत हसू तोंडावर आणलं आणि म्हणाले, "माझं लेंट चालू आहे गं. चहा सोडलाय."

लेंट म्हणजे काय, असं तिने भावाला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "उपास."

तिने मान हलवली. आवाज जराही न चढवता म्हणाली, "तुमनी मायना बी त्या रोज उपासच व्हता, अक्का."

त्या क्षणीही मला कप उचलता आला असता. तिचे हात ट्रेसकट माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. आणि माझ्या डोक्यात काय आलं? एवढे दिवस पाळलं, आता मोडलं तर मंडळीत काय सांगू. मग मी तिला चाळीस दिवसांचा अर्थ समजावून सांगायला लागले. मी बोलत राहिले आणि चहावर साय धरत गेली. शेवटी ती ट्रे घेऊन आत गेली, आणि मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला. ईस्टरचं आमंत्रण मी निघताना दारात दिलं. भाऊ बघतो म्हणाला. जळगावला पोचल्यावर मी पहिली गोष्ट केली ती कॉफी, आणि ती मगभर प्यायलेही.

ईस्टरच्या सकाळी उपासनेनंतर एकीने विचारलं, "निभावलं का सगळं?" मी म्हणाले, "एकदाही मोडलं नाही." चारचौघींनी कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

घरी मटणाचा रस्सा तयार होता. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली, मग भावाचा फोन आला. मागे कारखान्याचा नाही, घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"आम्ही येत नाही," तो म्हणाला. "ती म्हणते, आज तिचा उपास आहे."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.