कानाला हात लागला की बॉलिंग

आमच्या घरात कोणत्या पोराने बॉलिंग कधी सुरू करायची, हे मी ठरवतो. आयुष्यात एकूण चार विकेटा घेतलेल्या माणसाला तेवढा अधिकार असायलाच हवा. (त्यातल्या दोन रनआउट होत्या, पण बॉल माझ्याच हातात होता!)

प्रश्न माझ्या मुलीचा होता. स्वरा, वय वर्षं पाच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शेतात दरवर्षी मॅच होते. सोयाबीन निघालेलं असतं, जमीन मोकळी असते आणि शेजारी तूर डोक्याएवढी उभी असते. एका बाजूला आम्ही घरचे, दुसऱ्या बाजूला पाहुणे. म्हणजे माझा साळा मनीष आणि त्याचं पुसदहून आलेलं कुटुंब. तुरीत गेलेला बॉल शोधून आणायचं काम गेली दोन वर्षं स्वराकडे होतं, कारण तुरीच्या ओळींतून न वाकता चालू शकणारी घरात ती एकटीच. यंदा मात्र तिने घटस्थापनेलाच जाहीर करून टाकलं.

"मी बॉल आणणार नाई. मी बॉल टाकणार."

"तू लहान हायस."

"मंग मोठी कधी होणार?"

"मी पाहून सांगीन."

पाहायचं काय, हे मलाही माहीत नव्हतं. पण 'पाहून सांगीन' म्हटलं की माणूस जाणकार वाटतो. महिनाभर मी जाणकार वाटत राहिलो आणि पोरगी महिनाभर अंगणातल्या तुळशीवर पेरू फेकून मारत राहिली.

भाऊबीजेला मनीष आला. त्याच्या मुलाला, अर्णवला, पुसदला कोचिंग लावलं आहे. पोरगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याकडे किटबॅग आहे, हेल्मेट आहे, मनगटावर घाम पुसायची पट्टी आहे. फक्त बॉल काही बॅटला लागत नाही. तरी मनीष बोलतो असा, की देशाची टीम निवडताना त्याला फोन करून विचारतात! ओवाळून झालं, ताटलीत शंकरपाळे आले आणि स्वराने पुन्हा बॉलिंगचा विषय काढला. झालं, साहेबांनी प्रवचन सुरू केलं.

"भाऊजी, आठ वर्षांच्या आत बॉलिंग देऊच नये. हाडं कच्ची रायते. आमचे सर म्हणते."

खरं सांगायचं तर महिनाभर मीही तेच म्हणत होतो. पण साळ्याच्या तोंडून ते इतकं बावळट वाटलं, की मी जागच्या जागी मत बदललं.

"कच्ची हाडं तुमच्या पुसदात असतीन! आमच्या इकडचे पोट्टे दुधातुपात वाढते." (स्वरा पाकिटातल्या पोंग्यांवर वाढली आहे. दुधाचा पेला दिसला की ती बाजेखाली शिरते.)

"मंग टाकू ना उद्या?" स्वराने लगेच पकडलं.

"थांब. आधी तपासा लागन." एवढ्या सहज परवानगी दिली असती, तर माझी किंमत काय राहिली असती?

बाजेवर पडलेले माझे वडील, आबाजी, इथे उठून बसले. "तपासाले काय लागते बे? हात डोक्यावरून पल्याडच्या कानाले लागला, का पोट्टं तयार!"

आबाजींच्या काळी जन्माचा दाखला कोणाकडे नसायचा. पोरगं शाळेत घ्यायचं की नाही हे मास्तर असंच ठरवायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पहिलीत नाव पडायचं. आबाजी स्वतः या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. पहिलीत जायच्याही आधी नापास झालेला आमच्या पंचक्रोशीतला हा एकमेव माणूस, आणि त्याच्याकडून आम्ही सल्ला घेत होतो.

मनीष फिदीफिदी हसला. "आबाजी, तिले शाळेत नाई टाकायचं. बॉलिंग हाय ते!"

तो हसला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो हसला, म्हणून मला आबाजींच्या बाजूने उभं राहणं भाग पडलं.

"बॉलिंगमदी हात कुठून जाते? कानाजवळूनच ना?" मी विचारलं. "मंग याच्याहून बरोबर परीक्षा कोणती?"

सगळे गप्प झाले. माझ्या अकलेनेच ते गप्प झाले असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटतं, शंकरपाळे जरा कडक झाले होते.

परीक्षा सुरू झाली. स्वराने हात डोक्यावरून नेला. कान दोन बोटं लांब राहिला. तिने दात-ओठ खाल्ले, मान कलती केली आणि कान पकडला.

"लागला! लागला!"

"मान वाकडी केली!" मनीष ओरडला.

"थोडीशी केली," आबाजी म्हणाले. "थोडी चालते."

"कायले चालते? नियम म्हणजे नियम!" (हा नियम त्याला पाच मिनिटांपूर्वी कळला होता!)

माझी बायको वैशाली स्वयंपाकघरातून ओरडली, "ओ, एक ओव्हर टाकू द्या ना तिले! टाकता आली त टाकन, नाई त नाई!"

इतका साधा उपाय आमच्यातल्या एकाही पुरुषाला पटण्यासारखा नव्हता. स्वराचे डोळे भरायला लागले होते. ते पाहून मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी बाह्या सरसावल्या.

"मान सरळ ठेवून कसा लावतात ते मी दाखवतो. पाय नीट."

बेचाळीस वर्षांच्या, डोकं मोठं आणि हात आखूड असलेल्या माणसाने हे करू नये. मी केलं. बोटं कानाच्या वरच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे अडली. मनीष पाहत होता, त्यामुळे परत फिरणं शक्य नव्हतं. मी श्वास रोखून एक जोर लावला, कान मुठीत आला आणि खांद्यात कट्‌ असा आवाज झाला.

"पप्पा पास!" स्वराने टाळ्या वाजवल्या.

"आता सोड बे कान," आबाजी म्हणाले.

"सुटून नाई राह्यला!"

"कान?"

"हात!"

कान सुटला, पण हात डोक्यावरून खाली येईना. जरा हलवला की डोळ्यांपुढे तारे. माझ्या आईने गरम तेल आणलं, ते खांद्यावर कमी आणि डोळ्यात जास्त गेलं. मनीष म्हणाला, "आमचे सर असं झालं का हात ओढते," आणि त्याने ओढला. मी जो ओरडलो, त्याने दोन घरं पलीकडचा माणूस काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

शेवटी कळंबच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मोटारसायकल मनीषने चालवली, मी मध्ये आणि मला धरायला मागे आबाजी. रस्त्याने ओळखीचा प्रत्येक माणूस ओरडत होता, "राजूभाऊ, गाडीवर तरी फोन ठेवा ना!" एकाने तर गाडी थांबवून विचारलं, "कोणाशी बोलून राह्यला एवढा वेळ?" मी खरं सांगितलं. त्याने ते लगेच फोन काढून आणखी तिघांना सांगितलं.

चिंतामणीच्या देवळाजवळ दिवाळीची गर्दी होती. गाडी अडकली. मी कान धरून (आता आधाराला पुन्हा धरलाच होता), डोळ्यांत तेलाचं पाणी, चेहरा पिळवटलेला, तोंड देवळाकडे. लोक वाट द्यायला लागले.

"काहीतरी मोठं केलं असन बाप्पा यानं," एक बाई हळहळली.

एक म्हातारा जवळ येऊन समजावून गेला, "एक कान धरून माफी नाई होत बेटा. दोन्ही धर." तेव्हा मागे बसलेला माझा जन्मदाता हसू दाबत होता. गाडी गदागदा हलत होती, त्यावरून मला कळलं.

हाडांचे डॉक्टर सणाच्या जेवणावरून उठून आले.

"कसं झालं?"

"मुलगी बॉलिंगसाठी तयार हाय का, ते पाहत होतो."

"मुलीचा हात अडकला?"

"नाही. माझा."

डॉक्टरांनी मनीषकडे पाहिलं. मनीषने, प्रथमच, माझ्या बाजूने मान डोलावली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, हात हळूहळू खाली आणला, गळ्यात झोळी बांधली आणि म्हणाले, "तीन आठवडे हलवायचा नाई. आन या वयात बॉलिंग नवीन सुरू करू नका."

दुसऱ्या दिवशी मॅच झालीच. आमच्याकडे माणसं कमी, त्यात मी निकामी. मला अंपायर केलं. (वाईड द्यायला दोन्ही हात पसरावे लागतात आणि माझ्याकडे एकच होता, म्हणून वैशालीचा एकही बॉल वाईड ठरला नाही. पाहुण्यांनी बरीच आरडाओरड केली. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली.) शेवटी अशी वेळ आली, की पाहुण्यांना दोन रन हवे होते, बॅटिंगला शेवटचा गडी म्हणजे मनीष, आणि आमच्याकडे ओव्हर उरलेला माणूसच नव्हता. सगळ्यांनी स्वराकडे पाहिलं. ती कधीची बॉल घेऊन उभी होती.

"पप्पा, टाकू?"

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. नुसतं 'टाक' म्हणायचं होतं. पण सगळं शिवार माझ्या निर्णयाची वाट पाहत असताना एका शब्दात आटोपणारा मी नव्हे.

"स्वरा," मी घसा खाकरला. "बॉलिंग म्हणजे मोठी जबाबदारी असते. हाडं पाहावी लागतात. खांदा कसा असते, याचा मले कालपासून चांगला अभ्यास हाय. तर सगळ्या बाजूंनी विचार करून मी..."

मनीष बॅट टेकवून माझं ऐकत होता. तेवढ्यात स्वराचा बॉल दोन टप्पे खाऊन त्याच्या पायाशी आला, सोयाबीनच्या खुंटाला लागून वळला आणि मधल्या स्टंपाला जाऊन टेकला. स्टंप विचार करत करत पडला.

"आउट!" आबाजी बाजेवरून उठून नाचायला लागले. (हो, बाज शेतात आणली होती!)

"भाऊजी बोलून राह्यले होते!" मनीष किंचाळला. "मी तयारच नव्हतो!"

"तू नव्हता. पोट्टी होती," आबाजी म्हणाले.

त्यांनी स्वराला खांद्यावर घेतलं आणि सगळी वरात घराकडे निघाली. अर्णवसुद्धा हेल्मेट काढून टाळ्या वाजवत गेला. मी स्टंपांपाशी एकटाच उरलो. भाषण अर्धवट टाकणं मला आवडत नाही, म्हणून मी मोकळ्या शेताला मोठ्याने सांगितलं, "विचार करून मी स्वराला बॉलिंग सुरू करायची परवानगी देतो!"

"कोणाले सांगून राह्यले?" वैशाली सामान गोळा करायला परत आली होती.

"निर्णय जाहीर केला."

"बरं केलं." तिने तिन्ही स्टंप माझ्या चांगल्या हाताखाली खोचले. "आन स्वरानं पण केला हाय. म्हणे, पुढच्या साली पप्पाले खेळवाचं का नाई, ते ती तपासून ठरवन."

पुढच्या दिवाळीला अजून बरेच महिने आहेत. पण पोरगी समोर आली, की मी आतापासूनच पोट आत घेऊन उभा राहतो.