पाच राइस कुकर आणि दीड पान

अमिरातीतल्या अल ऐन शहरातील आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादन मी गेली नऊ वर्षे करते. इथल्या एका भारतीय शाळेत मी शिक्षिका आहे आणि लाल पेन सतत माझ्या हाताशी असते, एवढ्याच पात्रतेवर माझी निवड झाली.

त्या वर्षी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने अंकासाठी लेख दिला. ती जन्मापासून इथलीच. मी मराठीत विचारावे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, हा आमच्या घरचा प्रघात. तिने स्वतःहून दीड पान मराठी लिहावे, हे मला विषयापेक्षाही मोठे वाटले.

विषय असा होता. जपानमध्ये गायक मुलांना घडवणाऱ्या एका संस्थेच्या मालकाने अनेक वर्षे अल्पवयीन मुलांवर लैंगिक अत्याचार केले. तिथल्या वृत्तपत्रांना व वाहिन्यांना याची कुणकुण होती. परंतु त्या संस्थेचे गायक कार्यक्रमांना हवे असत, म्हणून बहुतेकांनी मौन पाळले. अखेर एका परदेशी वाहिनीने विषय काढला, तेव्हा सर्वांना एकदम कंठ फुटला. लेखाचे शीर्षक होते : 'सगळ्यांना माहीत होते'.

अंकाची बैठक आमच्या दिवाणखान्यात भरली. मंडळाचे अध्यक्ष एका जपानी कंपनीत नोकरीला आहेत. ती कंपनी दर दिवाळीला आमच्या सोडतीसाठी पाच राइस कुकर देते. तिचा गाण्याबजावण्याशी दुरान्वयानेही संबंध नाही.

"मॅडम, लेख उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "फक्त तेवढा जपान काढता आला तर?"

"साहेब, लेख जपानबद्दलच आहे."

"'पूर्वेकडील एक देश' म्हणा ना. आणि 'अत्याचार'? हबीबी, लोक चकली खात वाचतात!"

"'गैरवर्तन' चालेल?"

"अजून जरा मऊ करा."

मी पद्धतशीर काम करणारी बाई. प्रत्येक सूचनेला समासात क्रमांक दिला, दुरुस्ती केली आणि अकराव्या दुरुस्तीनंतर मजकूर शिस्तीत वाचून दाखवला : "पूर्वेकडील एका देशात काही मुलांची काही गैरसोय झाली. वृत्तपत्रांनी संयम दाखवला. संगीत ही ईश्वरी देणगी आहे."

"वा! आता कसं कौटुंबिक झालं! खलास!" अध्यक्ष म्हणाले.

कोपऱ्यात बसलेल्या मुलीने विचारले, "अंकल, डिड युअर कंपनी से एनीथिंग?"

"छे गं! त्यांना मराठी कुठे येतं?"

"देन हू आर वी स्केअर्ड ऑफ?"

अध्यक्षांनी करंजी घेतली. मुलगी माझ्याकडे वळली. "आई, यू वुड हॅव डन सो वेल इन टोकियो."

ते वाक्य जिव्हारी लागले. दुरुस्तीने उत्तर अधिक खरे झाले पाहिजे, असे मी वर्गात दरवर्षी सांगते. पाहुणे गेल्यावर त्या अकरा दुरुस्त्या एकेक करून तपासल्या. एकही त्या कसोटीला उतरली नाही. मूळ लेख पुन्हा काढला, दोन वेलांट्या सुधारल्या आणि अध्यक्षांना फोन केला.

"साहेब, लेख आहे तसाच जाईल. मान्य नसेल तर संपादक बदला."

"अहो, मग अंक कोण काढणार?"

नऊ वर्षांत या कामासाठी दुसऱ्या कुणीही हात वर केलेला नव्हता.

"बरं, घाला," ते अखेर म्हणाले. "पण शेवटच्या पानांवर. तिथे कुणी पोचत नाही."

इतकी वर्षे अध्यक्षपद भूषवूनही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. सोडतीचे क्रमांक शेवटच्या पानावर असल्याने आमचा अंक सर्व जण मागूनच उघडतात. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सगळे सभागृह सर्वप्रथम माझ्या मुलीचा लेख वाचत होते. माना खाली, चिवड्याचे चमचे हवेत. अध्यक्ष माइकवरून "यल्ला, यल्ला, पुढचा कार्यक्रम!" असे दोनदा म्हणाले. कुणी मान वर केली नाही.

पहिल्या रांगेतून अध्यक्षांच्या पत्नी तेवढ्या उठल्या. अंक हातात तसाच उघडा धरून त्या थेट माझ्या मुलीपाशी आल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"त्या मुलांचं पुढे काय झालं गं?" त्यांनी विचारले. "सगळं सांग. मला घाई नाही."